नातीचं नाव ‘रुरी’ ठेवतायत. मी बोलू का?

“माझं वय बासष्ट. आम्ही मिरजेचे. मुलगा नऊ वर्षांपासून टोकियोत नोकरीला आहे, तिथल्याच मुलीशी त्याचं लग्न झालं. सुनेचं माहेर ओकाझाकीचं. तिला मराठी येत नाही, मला जपानी येत नाही, तरी आमचं बरं चाललंय. दोन महिन्यांनी बाळ होईल. मुलगी आहे हे तिकडे आधीच सांगतात. परवा फोनवर मुलगा म्हणाला, ‘आई, नाव ठरलं. रुरी.’ अर्थ विचारला तर म्हणे, एक निळा दगड असतो. जाऊबाईंच्या मुलीने मोबाइलवर शोधलं. एका ठिकाणी अर्थ पाचू, दुसरीकडे निळा मणी, तिसरीकडे जाईचं फूल. शिवाय नाव अतिशय दुर्मिळ, लोकप्रियता जवळपास शून्य. जाऊबाई म्हणाल्या, ‘जपानी लोकसुद्धा ठेवत नाहीत ते नाव तुमच्या वाट्याला आलं.’ त्यातून आडनावही सुनेचंच लागणार आहे. मी शर्वरी आणि अन्विता अशी दोन नावं सुचवली होती. मुलाने ऐकून घेतली आणि विषय बदलला. लग्नात माझंही नाव बदललं होतं, तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही बोलले नव्हते. आता तरी बोलू का? बारशाला मी जाणार आहे. घुगऱ्यांसाठी हरभरे इथून नेले तर चालतील ना?”

— होणारी आजी, मिरज

ताई,

हरभऱ्यांचं शेवटी सांगते. आधी कागद-पेन्सिल घेऊन बसा आणि कागदावर ‘वेळुरिय’ असं लिहा. मधला तो ‘ळ’ आपलाच, कमळातला. आता पुढचा ‘वे’ खोडा आणि मागचा ‘य’ खोडा. उरलं ‘ळुरि’. जपानी भाषेत ळ नाही आणि लही नाही. दोन्हींच्या जागी तिथली माणसं आपल्या ‘र’च्या जवळचा एक हलका, जीभ टेकून लगेच सुटणारा उच्चार करतात. ‘ळुरि’चं झालं ‘रुरि’. हे तुमच्या नातीचं नाव.

वेळुरिय हा पाली शब्द. संस्कृतात तोच वैडूर्य. आपल्या नवरत्नांच्या यादीत तुम्ही तो शंभरदा ऐकला असेल. पाणिनीने त्याच्यासाठी एक स्वतंत्र सूत्र लिहिलं आहे: विदूर या ठिकाणाहून जे येतं ते वैडूर्य. आणि विदूर या शब्दाचा साधा अर्थ ‘फार लांब’. तुमचं पत्र वाचताना मला हे सूत्र आठवलं आणि मी थोडा वेळ पुढचं वाचूच शकले नाही. इथून निघालेला शब्द चीन ओलांडून, समुद्र ओलांडून जपानात जाऊन राहिला, आणि आता तुमच्या घरातल्या मुलीचं नाव होऊन तुमच्याकडे परत येतोय. मुलगा फोनवर एवढंच म्हणाला, ‘एक निळा दगड असतो.’ मुलं आईला नेहमी एवढंच सांगतात.

कागदावरची ती खोडाखोड मी मजेसाठी सांगितली नाही, खरोखर तसंच काहीसं घडलं. बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत नेताना भिक्षूंपुढे अडचण असायची की रत्नांना, देवतांना, फुलांना तिकडे शब्दच नाहीत. मग ते मूळ शब्दाच्या आवाजाला जुळतील अशी चिनी अक्षरं शोधायचे. वेळुरियच्या चिनी रूपात सुरुवातीला ‘वे’ची जागा घेणारं एक अक्षर होतं. वापरात ते गळून पडलं आणि मागची दोन अक्षरं राहिली. जपानने तीच दोन उचलली आणि आपल्या जिभेने ‘रुरि’ अशी वाचली. जुन्या जपानी बौद्ध लिखाणात ‘बेइरुरि’ हे लांब रूपही सापडतं.

ज्या चिनी भिक्षूने हे नाव असलेलं एक महत्त्वाचं सूत्र इसवी सन ६५० मध्ये भाषांतरित केलं, तो ह्युएन त्संग. आपल्या शाळेच्या पुस्तकातला. पुलकेशीच्या काळात, ६४०च्या सुमारास, तो महाराष्ट्रात आला होता आणि इथल्या माणसांबद्दल त्याने लिहून ठेवलंय की ती मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत. (जाऊबाईंना हे सांगायला हरकत नाही.) भारतातून परत गेल्यावर त्याने ज्या सूत्राचं भाषांतर केलं ते भैषज्यगुरूचं. भैषज्यगुरू म्हणजे रोग बरे करणारा बुद्ध. त्याचं पूर्ण नाव ‘भैषज्यगुरू वैडूर्यप्रभ’, वैडूर्याची कांती असलेला वैद्य. जपानात त्याला ‘याकुशी’ म्हणतात, आणि पूर्ण नाव घेताना त्यात आजही ‘रुरि’ येतं. नारा शहरात याकुशीजी नावाचं मंदिर आहे. सम्राट तेन्मूची राणी आजारी पडली, तेव्हा तिला बरं वाटावं म्हणून त्याने ६८० मध्ये ते बांधायचा नवस केला. राणी बरी झाली. तो आधी गेला, आणि पुढे तीच सम्राज्ञी जितो झाली.

म्हणजे जपानी कानाला ‘रुरी’ हा नुसता निळा रंग वाटत नाही. त्यामागे औषधाची कुपी हातात घेतलेला, पूर्व दिशेचा तो बुद्ध असतो. मुलीला असं नाव देणाऱ्या आईच्या मनात काय असेल, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आता ओकाझाकी. तुम्ही पत्रात हे गावाचं नाव सहज लिहून गेलात, पण माझ्या मते सगळ्या पत्रातला सर्वांत मोलाचा शब्द तोच आहे. जुन्या मिकावा प्रांतात, म्हणजे आजच्या ओकाझाकीच्या परिसरात, एक कथा सांगतात. एका मूल नसलेल्या जोडप्याने होराइजी मंदिरातल्या याकुशीला नवस केला आणि त्यांना मुलगी झाली. तिचं नाव त्यांनी ठेवलं ‘जोरुरी’. जो म्हणजे शुद्ध, निर्मळ. जोरुरी म्हणजे निर्मळ वैडूर्य. ही जोरुरी पुढे योशित्सुने या तरुण योद्ध्याच्या प्रेमात पडली. तिची गोष्ट गाणाऱ्यांनी गावोगाव इतकी गायली की त्या गाण्याच्या पद्धतीलाच लोक ‘जोरुरी’ म्हणू लागले. पुढे तिला शामिसेन या तंतुवाद्याची साथ आली, बाहुल्या आल्या, आणि त्यातून जपानचं ते थोर बाहुलीनाट्य उभं राहिलं: निंग्यो जोरुरी बुनराकु. २००८ साली युनेस्कोच्या यादीत ते गेलं. एका मुलीचं नाव एका कलेचं नाव झालं, असं दुसरं उदाहरण मला चटकन आठवत नाही.

कथेचा शेवट करुण आहे, तो मी तुमच्यापासून लपवत नाही. योशित्सुने निघून जातो आणि जोरुरी त्याच्या विरहात नदीत जीव देते. उद्या कुणी हे शोधून काढून तुमच्या कानावर घातलं तर घाबरू नका. आपण सीता, द्रौपदी, अहिल्या ही नावं ठेवतोच की. आणि सुनेने नाव ‘जोरुरी’ ठेवलेलं नाही, ‘रुरी’ ठेवलंय. ते या कथेवरून सुचलं, की तिच्या आजीच्या देवघरातल्या याकुशीवरून, की शाळेच्या सहलीत पाहिलेल्या एखाद्या पक्ष्यावरून, हे तिलाच विचारायला हवं. अजून तुम्ही विचारलेलं दिसत नाही. तुम्ही मुलाला विचारलंत, आणि तो ‘निळा दगड’ म्हणून मोकळा झाला.

तर तुमच्या ‘बोलू का?’ला माझं उत्तर आहे, बोला. सुनेशी बोला. मुलाला मध्ये दुभाषा म्हणून बसवा, व्हिडिओ कॉल लावा आणि एकच प्रश्न विचारा: ‘रुरी कसं लिहिणार?’

हा प्रश्न का, ते सांगते. आपल्याकडे नावाचा अर्थ कानाला कळतो. शर्वरी म्हटलं की रात्र, मग ते कुणीही कसंही लिहो. जपानी नावाचा अर्थ कागदावर असतो. एकाच उच्चाराला वेगवेगळी चिनी अक्षरं घेता येतात आणि अक्षर बदललं की अर्थ बदलतो. ‘रुरी’मधला ‘री’ जाईच्या फुलाच्या अक्षराने लिहिणारे आहेत, गाव या अर्थाच्या अक्षरानेही लिहितात. कुणी अक्षरं घेतच नाही, सरळ ध्वनिलिपीत लिहितं. त्यामुळे जाऊबाईंच्या मुलीला तीन ठिकाणी तीन अर्थ सापडले यात तिची चूक नाही. प्रत्येकाने बहुधा वेगळं लेखन धरलं होतं. पाचू मात्र विसरा, तो हिरवा, आणि रुरी निळी आहे.

मुलगा दगड म्हणाला, म्हणजे त्यांनी बहुतेक मूळचीच दोन अक्षरं घेतली आहेत. सुनेला ती मोठी करून लिहायला सांगा आणि नीट बघा. दोन्ही अक्षरांच्या डाव्या बाजूला एक सारखंच चिन्ह दिसेल: तीन आडव्या रेघा आणि मधून जाणारी एक उभी. ते रत्नाचं चिन्ह. अक्षरं कठीण आहेत, पहिल्यातच चौदा रेघा. जपान सरकारची नेहमीच्या वापरातल्या अक्षरांची एक यादी असते. २०१० साली तिच्यात १९६ नवी अक्षरं घातली गेली, आणि त्यांत ही दोन्ही होती. आज त्या यादीत २,१३६ अक्षरं आहेत, आणि फक्त नावांसाठी म्हणून आणखी ८६३. जपानी मुलाचं नाव अक्षरांनी लिहायचं तर ती या दोन याद्यांतूनच निवडावी लागतात. इतक्या चाळणीतून तुमच्या सुनेने ही दोन निवडली आहेत.

दगडाबद्दल थोडं. हा दगड म्हणजे लाजवर्द, आपल्या जुन्या ग्रंथांतला राजावर्त. गडद निळा, आणि त्यात सोन्याचा चुरा सांडल्यासारखे पिवळे ठिपके. ते सोनं नसतं, पायराइट नावाचं खनिज असतं. अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतून तो हजारो वर्षं जगभर गेला. नाराच्या शोसोइन या शाही कोठारात आठव्या शतकापासून जपलेल्या वस्तूंमध्ये हे निळे खडे जडवलेला एक कमरपट्टा आहे. तिथेच निळ्या काचेचा एक पेलाही आहे, आणि त्याच्याही नावात ‘रुरी’ येतं, कारण पुढे काचेलाही लोक रुरी म्हणू लागले. बौद्ध ग्रंथांतल्या सात रत्नांमध्ये सोनं, चांदी आणि लगेच रुरी.

इथे तुम्हाला एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण ती कुणीतरी काढणारच. आपल्याकडे नवरत्नांत वैडूर्य म्हणजे लसण्या, आणि लसण्या म्हणजे केतूचा खडा. ‘अगं बाई, केतूचं नाव ठेवलं की काय’ असं कुणी म्हणालं तर सांगा की शब्द प्रवासाला निघाला की वाटेत त्याची वस्तू बदलते. इकडे तो लसण्यावर स्थिरावला, चीन-जपानात निळ्या दगडावर. रुरीचा केतूशी काहीही संबंध नाही.

आणि हाच शब्द पश्चिमेलाही गेला. ग्रीकांनी तो उचलला, इंग्रजीतला ‘बेरिल’ तिथूनच आला. इराणात आणि अरबस्तानात त्याचं ‘बिल्लौर’ झालं, म्हणजे स्फटिक, स्वच्छ काच. आणि फारसीतून तो फिरून मराठीत आला: बिलोरी. बिलोरी आरसा. तुमच्या आईकडे होता की नाही? माझ्या आजीकडे होता, कडेने पैलू पाडलेला, दिवाळीत उन्हात ठेवला की भिंतीवर रंगांच्या पट्ट्या पडायच्या. बिलोरी आणि रुरी या सख्ख्या बहिणी आहेत ताई. एक पश्चिमेला फिरून आली, एक पूर्वेला. जाऊबाई पुन्हा हसल्या तर त्यांना हे सांगा, आणि शांतपणे सांगा.

आता ‘लोकप्रियता शून्य’. हे वाचून मला राग आला, तुमच्यावर नाही, असले आकडे चिकटवणाऱ्यांवर. जपानमध्ये सरकार मुलांच्या नावांची मोजदाद करून प्रसिद्ध करत नाही. दरवर्षी ज्या याद्या गाजतात त्या खासगी कंपन्यांच्या असतात. सर्वांत प्रसिद्ध यादी मेइजी यासुदा या विमा कंपनीची, आपल्या विमेदारांच्या बाळांची नावं मोजून केलेली. दुसऱ्या काही बाळंतपणाच्या मासिकांच्या, आपापल्या वाचकांवरून. २०२४ साली जपानमध्ये सुमारे ६,८६,००० जपानी बाळं जन्मली. यातली थोडीच या याद्यांत पोचतात. आणि मोजताना लेखनाप्रमाणे वेगळं, उच्चाराप्रमाणे वेगळं मोजतात. चार प्रकारे लिहिली जाणारी रुरी चार नावांत वाटली जाते. परदेशी संकेतस्थळं तर बहुधा त्यांच्या देशात किती रुरी आहेत ते मोजतात. त्या ‘शून्या’वरून सुनेच्या गावात किती रुरी आहेत ते कळायचा मार्ग नाही.

नाव कमी ऐकू येतं हे मात्र खरं. अलीकडे हिमारी, त्सुमुगी, मेइ अशी नावं फार आहेत. रुरी त्यांच्यासारखी वर्गात तीन-तीन सापडणार नाही. आधीच्या पिढ्यांत ‘को’ जोडून ‘रुरिको’ म्हणायची पद्धत होती. रुरिको आसाओका ही १९४० साली जन्मलेली अभिनेत्री तिथल्या सगळ्या आज्यांना माहीत आहे. ‘को’ची फॅशन सरली आणि ‘रुरी’ सुटी झाली, इतकंच.

पण दुर्मिळ आणि विचित्र यांत फरक असतो, आणि जपानी लोक तो फार जपतात. गेल्या काही दशकांत तिकडे ‘किराकिरा’, म्हणजे चमचम करणारी नावं ठेवायची लाट आली: अक्षरं एक, उच्चार भलताच, शिक्षकांना हजेरी घेता येत नाही अशी. १९९३ साली टोकियोजवळच्या अकिशिमात एका जोडप्याने मुलाचं नाव ‘अकुमा’ म्हणजे सैतान ठेवायला घेतलं. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं आणि शेवटी त्यांनी दुसरं नाव दिलं. आता २६ मे २०२५ पासून कायदाच बदललाय: कुटुंबाच्या सरकारी नोंदवहीत, तिला कोसेकी म्हणतात, नावाचा उच्चारही नोंदवावा लागतो, आणि तो त्या अक्षरांना मान्य असाच असावा लागतो. रुरीला यातली कसलीच अडचण नाही. अक्षरं कठीण असली तरी ती दोन एकत्र दिसली की जपानी माणूस ‘रुरी’ असंच वाचतो. शब्द सगळ्यांना ठाऊक आहे. निळ्या रंगाच्या एका छटेचं ते नाव आहे. एका जुन्या म्हणीत तो येतो, आणि ही म्हण मुलं पत्त्यांच्या खेळात शिकतात: ‘रुरी मो हारी मो तेरासेबा हिकारु’. रुरी असो की हारी, उजेड पडला की चमकतेच. हारी म्हणजे स्फटिक, आणि हा शब्दही आपल्याच ‘स्फटिक’च्या पाली रूपावरून गेलेला. म्हणजे शाळेत तुमच्या नातीला कुणी ‘हे कसलं नाव?’ विचारणार नाही. ‘किती छान आणि किती दिवसांनी ऐकलं’ म्हणतील. मला विचाराल तर नाव असंच असावं, सगळ्यांना कळणारं आणि गर्दीत न हरवणारं.

आडनावाचं तुम्हाला लागलंय, ते मला कळतं. तिथे मुलाचं काही चुकलं असं धरू नका. कोसेकी ही जपानी नागरिकांचीच असते. परदेशी जावयाचं किंवा सुनेचं नाव तिथे जोडीदार म्हणून नोंदलं जातं, पण त्याची स्वतःची कोसेकी होत नाही. बाळ आईच्या कोसेकीत जातं आणि तिथलं आडनाव घेतं. त्या वहीत जागाही दोनच: आडनाव आणि नाव. आपल्यासारखं मध्ये वडिलांचं नाव लावायची सोय नाही. तुमच्या मुलाने बापाचं नाव टाकून दिलं असं नव्हे, त्या वहीत तसा रकानाच नाही. मात्र घरात, पत्रावर, बारशाच्या पत्रिकेत तुम्ही तिला तुमच्या घराच्या रीतीने पूर्ण नावाने लिहा. कुणी अडवणार नाही, उलट मुलाला बरं वाटेल.

आता मी जे लिहिणार आहे ते जरा जपून वाचा.

तुम्ही लिहिलंय, लग्नात तुमचं नाव बदललं. ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहिलं असेल, सगळ्यांनी वाकून वाचलं असेल. तुम्ही तुमचं पहिलं नाव पत्रात कुठेच लिहिलं नाहीत, हे माझ्या लक्षात आलं. माझ्या आईचंही नाव असंच बदललं होतं. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी एकदा स्टेशनवर तिच्या मामाने तिला जुन्या नावाने हाक मारली. मी तिचं बोट धरून होते. ती वळली नाही. मामा दोनदा, तिनदा हाक मारत जवळ आला तेव्हा तिला कळलं, आणि मग ती तिथेच बाकावर बसून रडली. मला तेव्हा वाटलं मामा भेटल्याचा आनंद झाला असेल.

तुमच्यावर अन्याय झाला होता. त्या वेळी बोलायला हवं होतं असं मी म्हणणार नाही, तेव्हा बोलायची सोयच नव्हती. पण ते राहून गेलेलं बोलणं या बाळाच्या नावावर काढू नका. इथे कुणी कुणाचं नाव पुसत नाहीये. एक मुलगी जन्माला येतेय आणि तिची आई, जी तुमच्यासारखीच परक्या घरात आलीय, आपल्या मातीतलं एक नाव तिला देतेय. तुम्ही ‘बदला’ म्हणालात तर ती कदाचित बदलेलही. जपानी सुना मोठ्यांना तोंडावर नाही म्हणत नाहीत. आणि मग ते तिच्या मनात तसंच राहील, जसं तुमच्या मनात चाळीस वर्षं राहिलंय.

तेव्हा ‘रुरी बदला’ हे एक वाक्य सोडून सुनेशी हवं ते बोला. तुमचं माहेरचं नाव तिला सांगा. खरंच सांगा, मुलाला भाषांतर करू दे. मला वाटतं त्यालाही ते धड माहीत नसेल.

शर्वरी आणि अन्विता वाया जाणार नाहीत. बारशाला पाळण्यातली नावं एकाहून जास्त असतातच. आत्या कानात कुर्र करून व्यवहारातलं नाव सांगते, पण त्याआधी कुलदेवतेचं, महिन्याचं, आजीच्या आवडीचं अशी नावं घेतातच ना? तुमच्या दोन्हींतलं एक तिथे घाला. मात्र हे मुलाला आत्ताच सांगून ठेवा, पाळण्याशी उभं राहून नव्हे. तिकडे जन्माची नोंद चौदा दिवसांत नगर कार्यालयात करावी लागते, म्हणजे तुम्ही पोचायच्या आत कागदावर ‘रुरी’ चढलेलं असेल. ते कागदाचं नाव. तुमचं नाव पाळण्याचं. दोन्हींना एकमेकींची अडचण व्हायचं कारण नाही.

त्यांच्याकडेही बारशासारखा एक दिवस असतो. सातव्या रात्री, ‘ओशिचिया’ म्हणतात, बाळाचं नाव जाड कागदावर ब्रशने मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावतात. बहुधा व्याही किंवा विहीणबाई ते लिहितील. सुनेला सांगा, तो कागद बारशापर्यंत काढू नका. त्याच्याच खाली पाळणा बांधा.

आणि उच्चाराचा सराव करा. दोन्ही अक्षरं आखूड: रु आणि रि, सारख्याच वजनाची. आपण लिहिताना शेवटची वेलांटी दीर्घ काढतो, म्हणून ‘रुरीऽ’ असं लांबवायची सवय लागेल; ती लावून घेऊ नका. जपानीत स्वर लांबला की शब्दच बदलतो. पहिला ‘रु’ जरा वरच्या सुरात, ‘रि’ खाली. घरात तिला ‘रुरी-चान’ म्हणतील; चान म्हणजे लाडाचं, आपल्या बाळी-सोनीसारखं. तुम्ही हवं तर ‘रुरीबाय’ म्हणा. मिरजेत तेच शोभेल.

आता हरभरे. नेऊ नका. कच्चं धान्य-कडधान्य जपानात नेताना वनस्पती-तपासणीचा सरकारी दाखला लागतो, नाहीतर विमानतळावरच काढून घेतात. टोकियोच्या एदोगावा भागात निशी-कासाइ नावाची वस्ती आहे, पंचवीसेक वर्षांपासून तिथे भारतीयांची दाट वस्ती झालीय, मराठी घरंही पुष्कळ. तिथल्या दुकानांत हरभरे, गूळ, हिंग सगळं मिळतं. मुलाला आदल्या दिवशी आणून भिजत घालायला सांगा. विहीणबाईंना घुगऱ्या आवडतील; उकडलेली, गोडवलेली कडधान्यं त्यांच्याकडेही शुभप्रसंगी होतात, लाल चवळीसारख्या अझुकीचा भात तर ठरलेलाच.

इथून न्यायचंच असेल तर चिमणाळं न्या, पाळण्यावर टांगायचं. विकतचं नको, दोन महिने हातात आहेत, घरी शिवा. चार चिमण्या नेहमीच्या करा आणि मधोमध एक वेगळी. जपानमध्ये ‘ओओरुरी’ म्हणून एक पक्षी आहे, मोठी रुरी, आपल्याकडच्या निळ्या माशीमारच्या गोतातला. एप्रिलच्या शेवटाला दक्षिणेकडून येतो आणि डोंगरातल्या ओढ्याकाठी गातो. तिथल्या तीन नामांकित गाणाऱ्या पक्ष्यांत त्याची गणना होते. तुमच्या सुनेला तो नक्की ओळखता येईल. नराची पाठ गडद निळी, गळा आणि छाती काळी, पोट पांढरं. निळ्यासाठी खणाचा तुकडा मिळाला तर बघा, जुन्या पैठणीची निळी कड असेल तर फारच उत्तम.